शेवटच्या फोटोची लेन्स

दोन हजार नऊ साली टेंभुर्णीच्या देवानंदनं डिजिटल कॅमेरा घेतला. कॅमेरा नवाकोरा, पण याचा जीव अडकला होता आबारावांच्या जुन्या लेन्समध्ये.

आबाराव गावचे जुने फोटोग्राफर. जन्मात एकही फोटो न निघालेलं माणूस गेलं, की तिरडी बांधण्याआधी त्यांना बोलावणं यायचं. मयताला भिंतीशी टेकवून बसवायचं, टोपी नीट करायची अन् घरच्यांसाठी फोटो काढायचा. आबाराव वारल्यावर त्यांच्या बायकोनं, गोपिकाबाईनं, ती जड लेन्स देवानंदच्या हातात ठेवली.

"मयताचेच काढ हिच्यानं. जित्याचे न्हाई."

देवानंद हसला. मधे एक रिंग बसवून त्यानं लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडली. फोकस हातानं फिरवावा लागे, पण चेहरा असा उमटे की बघत राहावं. असली चीज मयतांवर कोण वाया घालवणार?

स्वतःच्या पोराच्या जावळाला त्यानं तीच लावली. नवसानं झालेलं लेकरू मामाच्या मांडीवर खिदळत होतं. स्क्रीनवर मात्र त्याचे डोळे मिटलेले. पुन्हा काढला, पुन्हा मिटलेले. दुसरी लेन्स लावली तर टक्क उघडे. परत जुनी लावली... मिटलेले. दिवस कलेपर्यंत लेकरू तापानं फणफणलं.

देवानंद धावत गोपिकाबाईकडे गेला. त्याचं तोंड बघूनच ती समजली.

"मंग आता तू बस, न्हाईतर तुझ्या रक्ताचं कुणी बसव. त्याचे डोळे मिटले... का लेकरू सुटलं."

लेकराखेरीज रक्ताची एक आईच होती. आपण बसलो तर फोटो काढणार कोण, असं त्यानं स्वतःला समजावलं. कॅमेऱ्याला टायमर होता, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

आईचा, सोनूबाईचा, जन्मात फोटो निघाला नव्हता. ठेवणीतलं लुगडं नेसून ती ओट्यावर बसली.

"लेकरू तापलंय अन् माझा फोटो कशाला काढून राह्यला? त्याला तरी दे मांडीवर."

"नको!" तो खेकसला. "हालू नको, माय."

लेन्स फिरवत फिरवत त्यानं तिचे डोळे लख्ख केले. बटण दाबलं. आई समोर हसत बघत होती, अन् स्क्रीनवर डोळे मिटलेले होते. लाज वाटायच्या आधी त्याला हायसं वाटलं.

"बराबर आला का रे, देवा?"

"बराबर आला, माय."

सकाळी ती उठलीच नाही. लेकराचा ताप उतरला होता. देवानंदनं लेन्स विहिरीत टाकली. आईचा दुसरा फोटोच नव्हता, म्हणून तोच भिंतीवर लागला. "गेल्यावर काढला का रे?" येणारेजाणारे हळहळत. "जितेपणी एक काढायचा."

पोर वाढलं, पण बोलेना. त्याची आई, इंद्रायणी, देव देव करून थकली.

एका दुपारी पोर आजीच्या फोटोखाली खेळत होतं. देवानंदनं नव्या लेन्सनं सहज त्याचा फोटो काढला. पोरानं मान वर केली अन् पहिल्यांदाच तोंड उघडलं. जराही बोबडं नाही, अगदी स्वच्छ.

"बराबर आला का रे, देवा?"