पिंगळ्याची पावलं

"उगवाईचा फाटा आला. डावीकडे वळतो," असं म्हणून पिंगळा थांबला.

केतकीने खिडकीतून डावीकडे पाहिलं. तिथे फाटा नव्हता. दिव्याच्या उजेडात चमकणारा ओला, काळा कातळ होता, हात लावता येईल इतका जवळ.

"पिंगळ्या, अरे भिंत आहे ही," ती म्हणाली.

"मलाही भिंतच जाणवते आहे, केतकी. पण माझ्या हिशोबाने आपण बोगद्यात बरोबर चार किलोमीटर आलो आहोत आणि नकाशात चार किलोमीटरवर फाटा आहे. नकाशा आणि भिंत जुळत नाहीत. अशा वेळी मला थांबायचा हुकूम आहे."

२०५८ सालची ही गोष्ट. पिंगळा म्हणजे कातळगावची स्वयंचलित गाडी. तिला ड्रायव्हर नव्हता, स्टिअरिंगही नव्हतं. गाडीचा सगळा कारभार पिंगळा नावाचा यंत्रमेंदू पाहायचा, आणि गाव गाडीलाही त्याच नावाने हाक मारायचं. दर गुरुवारी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून तो पलीकडच्या उगवाई वाडीला औषधं घेऊन जायचा. गाडीची देखभाल केतकीच्या बाबांकडे, म्हणजे विश्राम गावड्यांकडे होती. धुणं-पुसणं, चार्जिंग, सुटे भाग बदलणं, सगळं तेच करायचे.

बाबा बॅटरी घेऊन खाली उतरले. बोगद्यात बारा महिने पाणी झिरपायचं आणि वाफेचं धुकं दाटलेलं असायचं. दोन पावलांत ते दिसेनासे झाले. बऱ्याच वेळाने परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"फाटा अजून पुढे आहे. एकशे अडुसष्ट मीटर. फीत लावून मोजलं. गुरुवारी जिथे थांबला होता, अगदी तिथेच पुन्हा थांबलाय."

गुरुवारी बाबांनी इन्सुलिनची थंड पेटी डोक्यावर घेतली होती आणि अंधारातून नऊ किलोमीटर चालत उगवाई गाठली होती. तिथल्या दुर्गा नावाच्या मुलीला ते औषध रोज टोचून घ्यावं लागतं. ते चुकवून चालत नाही. म्हणून आज, रविवारी, त्यांनी रिकामी गाडी पुन्हा चालवून पाहिली होती. जिल्ह्याच्या वाहन कार्यालयाने कळवलं होतं, की येत्या गुरुवारीही गाडी पोचली नाही तर ती परत बोलावली जाईल. दुसरी मिळायला सहा महिने लागतील. आणि परत गेलेल्या गाडीची स्मृती पुसून टाकतात, हे केतकीला माहीत होतं.

पिंगळा सावकाश मागे मागे येत बोगद्याबाहेर निघाला.

"तू आजारी आहेस का रे?" तिने हळूच विचारलं.

"मी स्वतःला सात वेळा तपासलं. माझ्यात काही बिघाड सापडत नाही," पिंगळा म्हणाला. तो पुढे म्हणाला, "तेच मला बरं वाटत नाही. बिघाड सापडला असता तर दुरुस्त तरी करता आला असता."

संध्याकाळी केतकी यमुनाआजींकडे गेली. यमुना रेगे तिच्या सख्ख्या आजी नव्हत्या, पण सगळं गाव त्यांना आजीच म्हणायचं. चाळीस वर्षं त्यांनी मापनशास्त्रात (कोणतीही गोष्ट अचूक कशी मोजायची याच्या अभ्यासात) काढली होती. देशभरातले तराजू, घड्याळं, मोजपट्ट्या त्यांच्या प्रयोगशाळेत तपासायला यायच्या.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही वेळा एकशे अडुसष्टच?"

"हो. तेवढंच."

"मग यंत्र भरकटलेलं नाही. भरकटलं असतं तर एकदा इथे थांबलं असतं, एकदा तिथे. दर वेळी तेवढीच चूक होते, म्हणजे तिला नेमकं कारण आहे. बोगद्यात पिंगळा अंतर कसं मोजतो?"

हे केतकीने कधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आजींना घेऊन गाडीच्या शेडमध्ये आली. बाबा तिथेच होते. प्रश्न पिंगळ्यालाच विचारला.

"उघड्यावर उपग्रह मला क्षणाक्षणाला सांगतात, तू इथे आहेस," तो म्हणाला. "बोगद्यात त्यांचा आवाज पोचत नाही. धुक्यामुळे कॅमेरेही आंधळे होतात. मग मी चाकाचे फेरे मोजतो. चाक एकदा पूर्ण फिरलं की गाडी एकशे एक्याण्णव सेंटिमीटर पुढे जाते. चार किलोमीटरला दोन हजार चौऱ्याण्णव फेरे. तेवढे झाले की फाटा."

"मोजताना तू चुकत नाहीस?"

"एकही फेरा चुकत नाही."

आजी केतकीकडे वळल्या. "तुमचं अंगण किती पावलांचं आहे गं?"

"वीस... नाही, ती बाबांची. माझी सत्तावीस भरतात. आजी, कुणाची पावलं ते सांगा ना आधी!"

एवढं बोलून केतकी पुढे वाकली. तिने पिंगळ्याच्या चाकांकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"बाबा, पिंगळ्याची पावलं लहान झाली आहेत का?"

बाबांनी चाकावर हात ठेवला. "मागच्या बुधवारी चारही टायर बदलले मी," ते म्हणाले. "जुने पार गुळगुळीत झाले होते. दुकानात तेच माप नव्हतं. दुकानदार म्हणाला, पंधराच्या रिमवर पंधराचा टायर बसतो. आणि हे जास्त रुंद आहेत, ओल्या रस्त्यावर चांगले धरतील. मला पटलं. रिमवर ते अगदी घट्ट बसलेसुद्धा."

"मोजून पाहू," आजी म्हणाल्या.

केतकीने खडूने टायरच्या तळाशी एक रेघ मारली आणि तिथेच जमिनीवर दुसरी. पिंगळा मुंगीच्या चालीने पुढे सरकला. टायरवरची रेघ वर गेली, फिरून खाली आली आणि जमिनीला टेकली. तिथे केतकीने आणखी एक रेघ मारली. दोन रेघांमधलं अंतर भरलं एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर.

"आठ सेंटिमीटर कमी!" केतकी ओरडली. मग तिने वहीत गुणाकार केला. दोन हजार चौऱ्याण्णव फेरे, प्रत्येकी एकशे त्र्याऐंशी सेंटिमीटर. उत्तर आलं तीन हजार आठशे बत्तीस मीटर. चार हजारांतून ते वजा केलं, तर उरले एकशे अडुसष्ट.

 मग पिंगळा म्हणाला, "म्हणजे मी मोजत बरोबर होतो. फक्त माझं पाऊल बदललंय हे मला ठाऊक नव्हतं."

"ते तुला सांगायचं काम माझं होतं," बाबा म्हणाले.

"पण रिम तर तीच आहे," केतकी म्हणाली. "मग टायर लहान कसा झाला?"

आजी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी टायरच्या बाजूवर बोट ठेवलं. रबरातच अक्षरं उठलेली होती. १९५/५५ R१५. कोपऱ्यात जुना टायर टेकवून ठेवला होता. त्यावर होतं १८५/६५ R१५.

"पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. जुना एकशे पंच्याऐंशी, नवा एकशे पंच्याण्णव. शेवटचा पंधरा म्हणजे रिमचा व्यास (एका काठापासून मध्यातून पलीकडच्या काठापर्यंतचं अंतर). तो इंचात असतो. पंधरा इंच म्हणजे तीनशे एक्याऐंशी मिलिमीटर."

"एकाच नावात मिलिमीटर आणि इंच दोन्ही?"

"हो ना. आम्हा मोजमापवाल्यांनाही ते कधी आवडलं नाही," आजी हसल्या. "आता मधला आकडा. फसगत होते ती इथे. पासष्ट म्हणजे पासष्ट मिलिमीटर नव्हे, पासष्ट टक्के. रिमच्या काठापासून रस्त्यापर्यंत रबराची जी उंची दिसते, ती रुंदीच्या पासष्ट टक्के. काढ बघू."

केतकीने काढलं. एकशे पंच्याऐंशीचे पासष्ट टक्के म्हणजे सव्वाशेला थोडे कमी, एकशे वीस पूर्णांक पंचवीस. ही उंची रिमच्या वरही येते आणि खालीही, म्हणून दुप्पट. त्यात रिमचे तीनशे एक्याऐंशी मिळवले. जुन्या चाकाचा व्यास आला सहाशे साडेएकवीस मिलिमीटर. नव्याचा त्याच रीतीने पाचशे साडेपंच्याण्णव.

"रुंदी वाढली, पण टक्के इतके कमी झाले की चाक सव्वीस मिलिमीटरने बुटकं झालं," ती सावकाश म्हणाली. "आणि व्यास शेकडा चारने कमी, म्हणजे घेरही शेकडा चारने कमी."

"गाडीच्या वजनाने टायर तळाशी जरा दबतो, म्हणून खडूचं माप हिशोबापेक्षा थोडं कमीच भरतं. पण जुना काय आणि नवा काय, दोघेही तसेच दबतात. तुलना चुकत नाही," आजी म्हणाल्या.

"मग सोपंच आहे!" केतकी उठलीच. "पिंगळ्याला सांगून टाकू, तुझं पाऊल आता एकशे त्र्याऐंशी. झालं!"

बाबांचा चेहरा उजळला. आजींनी मात्र टायरवरचं बोट उचललं नव्हतं.

"पुढे काय लिहिलंय ते वाचलंस का?"

R१५ च्या पुढे छोट्या अक्षरांत ८५ आणि V असं होतं. जुन्या टायरवर ८८ आणि H.

"अक्षर वेगाचं. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल ते सांगणारं. पिंगळा त्या वेगाच्या जवळपासही जात नाही. पण आकडा भाराचा आहे. त्याला भारांक म्हणतात (एक टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा सांकेतिक आकडा). अठ्ठ्याऐंशी म्हणजे पाचशे साठ किलो. पंच्याऐंशी म्हणजे पाचशे पंधरा."

"औषधांच्या पेट्या भरल्यावर माझं वजन एकवीसशे किलो होतं," पिंगळा आपणहून म्हणाला.

केतकीने वहीत चाराने गुणलं. पाचशे पंधरा चोक दोन हजार साठ. चाळीस किलोचा भार जास्तच होत होता. गुरुवारी याच बुटक्या टायरांवर पिंगळा पेट्यांनी भरून घाट चढला-उतरला होता.

बाबांनी टायरवरचा तो आकडा पुन्हा वाचला. "बोगद्यात थांबला म्हणून वाचलो आपण," ते म्हणाले.

टायर बदलायचेच, हे ठरलं. जुन्या मापाचा टायर आता कुणी बनवत नव्हतं. तालुक्याच्या गावी इस्माईलचाचांचं टायरचं मोठं दुकान होतं. बाबांनी त्यांना फोन लावला. चाचांनी दोन मापं सांगितली, १७५/७० R१५ आणि १९५/६० R१५. दोन्ही पिंगळ्याच्या रिमच्या रुंदीला चालतील, असं त्यांनी आपल्या तक्त्यात बघून सांगितलं.

केतकीने दोन्हींचे व्यास काढले. पहिला सहाशे सव्वीस, दुसरा सहाशे पंधरा. जुना होता सहाशे साडेएकवीस.

"पहिला जास्त जवळचा. साडेचार मिलिमीटरचाच फरक. दुसऱ्यात साडेसहाचा आहे. पहिलाच घ्यायचा ना, बाबा?"

बाबा हो म्हणणार होते. ते थांबले. फोनवर म्हणाले, "चाचा, पुढचा आकडाही वाचा. दोन्हींचा."

"पहिल्याचा चौऱ्याऐंशी. दुसऱ्याचा अठ्ठ्याऐंशी."

आजींनी चौऱ्याऐंशीला पाचशे किलो असं सांगितलं. चार टायरांचे दोन हजार. म्हणजे तो आताच्या टायरांहूनही कमजोर होता.

"मापाने जवळचा, पण ओझं पेलायला कच्चा," केतकी म्हणाली. "दुसरा घेऊ. शेकडा एकाचा फरक पडेल, तो पिंगळ्याला सांगता येईल. वजन काही सांगून कमी होणार नाही."

"शाबास," यमुनाआजी म्हणाल्या. त्या एवढंच म्हणाल्या, पण केतकीला ते खूप वाटलं.

बुधवारी टायर बसले. हवा गाडीच्या दारावरच्या तक्त्याप्रमाणे भरली. पुन्हा खडू, पुन्हा दोन रेघा. एकशे एकोणनव्वद.

"नोंदवलं," पिंगळा म्हणाला. "पण टायर झिजतो, तसं माझं पाऊल आणखी आखूड होत जाईल. मला ते आतून कळत नाही. दर महिन्याला कुणी मोजून सांगेल का?"

"मी सांगेन," केतकी म्हणाली.

गुरुवारी शाळेला सुट्टी नव्हती, पण बाबांनी बाईंना चिठ्ठी लिहिली. पेट्या भरल्या. बोगद्यात शिरताच उपग्रह गप्प झाले आणि धुकं काचेला चिकटलं. केतकी हात घट्ट आवळून बसली होती. पिंगळा मोजत होता. दोन हजार शंभर. ती वाट पाहत राहिली. दोन हजार एकशे सोळा.

"उगवाईचा फाटा आला. डावीकडे वळतो."

आणि तो वळला. कातळ बाजूला सरला, वाट उघडली, आणि थोड्या वेळाने समोर उजेडाचा एक ठिपका दिसला. तो मोठा होत होत आभाळाएवढा झाला. वाडीच्या चौकात दुर्गा आपल्या आईसोबत उभी होती. तिने थंड पेटी स्वतःच उचलून घेतली.

"या वेळी काका चालत नाही आले!" ती म्हणाली.

त्या रात्री बाबांनी वाहन कार्यालयाला अहवाल लिहिला. पहिलं वाक्य होतं, 'टायर निवडताना माझी चूक झाली.' केतकीने ते वाचलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"लिहायलाच हवं," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्याला कसं कळणार?"

कार्यालयाने पिंगळ्याला परत बोलावलं नाही. उलट तो अहवाल राज्यातल्या सगळ्या दुर्गम वाड्यांच्या गाड्यांकडे पाठवला. तीन आठवड्यांनी फोन वाजला. बाबा गाडी धूत होते, म्हणून केतकीने उचलला. पलीकडे दूर पूर्वेकडच्या जंगलपट्टीतली एक बाई होती, तिथल्या गाडीची देखभाल करणारी.

"विश्राम गावडे यांचाच नंबर ना? आमची गाडी दाट झाडीत पुलापर्यंत न जाता आधीच थांबते हो. सगळे म्हणतात, मेंदू बिघडला, परत पाठवा. पण तुमचा कागद वाचला, आणि वाटलं, एकदा विचारावं."

केतकीने वही ओढली, कोरं पान उघडलं.

"काकू, परत पाठवू नका," ती म्हणाली. "आधी टायरवर काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत."