एकतीस गावांचे विरजण

प्रादेशिक जैवऊर्जा केंद्रातून सहा महिन्यांत जिवाणूंची एकही बाटली गेली नव्हती, आणि तरीही यवतमाळकडच्या एकतीस गावांत स्वयंपाक गॅसवर होत होता. संचालक हर्डीकरांना याचा आनंद झाला नाही. त्यांना घाम फुटला.

"रेवती, तुमच्या काष्ठभक्षी जिवाणूला आपण आयुष्यकुलूप घातलं होतं ना? चाळीस दिवसांत तो मरायला हवा."

कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचा गॅस करणारा तो जिवाणू डॉ. रेवती बोबडेने घडवला होता. ती म्हणाली, "घातलं होतं, सर. पण वाढता वाढता एखाद्या जिवाणूतलं ते कुलपाचं जनुक बिघडतं. तो मरत नाही, मग त्याचीच प्रजा उरते. ज्या गावाचं गॅसचं कुंड बंद पडतं, तिथल्या बायका शेजारच्या गावातून तांब्याभर आंबलेला काला आणतात. दह्याला विरजण लावतात तसा. त्यातून कुलूप नसलेलाच टिकला."

"मग आपण कशाला आहोत? सरकारी साहाय्याची अट वाचा. जिवाणू केंद्राचाच हवा, नाहीतर केंद्र बंद. जिवाणूभक्षक विषाणू सोडा, सगळं साफ करा. मग आपल्या बाटल्या."

हा विषाणू जिवाणूत शिरतो, त्याला फोडतो आणि शंभरपट होऊन बाहेर पडतो. तीन दिवसांत कुंड थंड. रेवती भांडली, रडकुंडीला आली आणि हरली. एवढेच पदरात पाडून घेतले की आधी एकाच गावात चाचणी करायची. तिथले हाल साहाय्य देणाऱ्या समितीला दाखवले की उरलेली तीस गावे वाचतील, असा तिचा बेत. विषाणू गावाबाहेर जायची तिला भीती नव्हती; ज्यांचे कुंड चालू आहे ते विरजण मागायला कशाला जातील? शिकलेली माणसे असा गाढवपणा फार विचार करून करतात.

चाचणीसाठी निवडलेल्या सावरखेडला कुंड सांभाळणाऱ्या इंदूबाई कुमरेंना खरे सांगायची तिची हिंमत झाली नाही.

"नवं विरजण आहे. जास्त गॅस देईल," ती म्हणाली. स्वतःचीच किळस आली तिला.

"तुमी देल्लं म्हंजे चांगलंच असन," म्हणत इंदूबाईंनी बाटली कुंडात ओतली आणि तिच्यासाठी चहा ठेवला.

पाचव्या दिवशी रेवती कॅमेरा घेऊन परत आली. इंदूबाई कुंडापाशी बसल्या होत्या. गॅसचा मागमूस नव्हता.

"दुसऱ्या गावातून आणा थोडा काला," रेवती घाईने म्हणाली. "लगेच सुरू होईल."

"कोनाकडून आनू, मॅडम? जास्त गॅस देते म्हनाल्या तुमी. असं चांगलं एकट्यानं ठेवून कसं चालन? दुसऱ्याच दिवशी तीसही गावाले तांब्या तांब्या वाटला मी."