तक्रारीला जागा नसलेली गादी

ती दुकानात शिरली तेव्हा काउंटरवर कोणी नव्हतं. डोंगर चढणाऱ्या लोकांच्या सामानाचं दुकान ते. भिंतीवर दोरांची वेटोळी, छताला टांगलेल्या सॅक, कोपऱ्यात बुटांच्या खोक्यांची चळत. "कोणी आहे का?" म्हणून तिनं दोनदा विचारलं आणि तंबूंच्या रांगेमागे डोकावली, तर एक तरुण जमिनीवर आडवा! डोळे मिटलेले, एक कान फुगलेल्या केशरी गादीला चिकटलेला, आणि हालचाल म्हणाल तर शून्य.

दुसरी कोणी असती तर किंचाळली असती. ही पडली मुलांच्या दवाखान्यात लस टोचणारी नर्स. पर्स बाजूला टाकून ती गुडघ्यांवर बसली, त्याचं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघू लागली.

"श्श…" आडवा माणूस म्हणाला.

"काय होतंय तुम्हाला?"

"ऐकू येत होतं… गेलं आता." त्यानं डोळे उघडले. "हिची हवा कुठूनतरी जातेय. पाण्यात घालण्याआधी मी एकदा कानानं शोधून बघतो." मग त्याचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं. "आणि तुम्ही काय शोधताय?"

"नाडी."

"सापडली?"

"सापडली. छान आहे." मनगट मात्र अजून तिच्याच हातात होतं. "मघाशी शांत होती, आता जरा पळायला लागलीय."

"ती पळणारच," तो म्हणाला आणि उठून बसला. हसताना त्याचा एकच गाल हसत होता, दुसरा मागून येत होता. तिनं हात सोडला. जरा उशिराच सोडला, हे तिला स्वतःलाही कळलं.

तिला हवी होती जमिनीवर अंथरायची फुगवायची गादी. दवाखान्यातली मंडळी पुढच्या महिन्यात डोंगरावर चार मुक्काम करणार होती, आणि आयुष्यात पलंग सोडून कुठे न झोपलेली ही बया सगळ्यांत आधी हात वर करून मोकळी झाली होती.

"हलकी हवी, पाठीवर मलाच वाहायचीय," ती म्हणाली. "आणि परवडणारी. बुटांनीच माझ्या पगाराचा लचका तोडलाय."

"बरं. झोपता कशा?"

"अं?"

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हणजे… पाठीवर, पालथ्या की कुशीवर? गादी त्यावर ठरते."

"कुशीवर. सगळ्या बायकांना विचारता का हो असं?"

"पुरुषांनाही विचारतो. काकांना विचारा हवं तर."

काका, म्हणजे दुकानाचे मालक, तेवढ्यात हातात चहाचा कप घेऊन मागच्या खोलीतून आले. "विचारतो, विचारतो," ते म्हणाले. "पण लाल व्हायची ही पहिलीच वेळ. माझा पुतण्या हा. फाटलेलं, फुटलेलं सगळं दुरुस्त करतो. तुम्ही कोण?"

"नर्स आहे मी."

"मग सिस्टर, आधी झोपा, मग बोला. आमच्या दुकानाचा नियम आहे."

नियम खरोखरच होता. दुकानाच्या मागच्या बाजूला दाराएवढी लाकडी चौकट होती आणि तिच्यात लहानमोठे दगडगोटे पसरलेले. त्या दगडांवर अंथरून, वर स्वतः आडवं झाल्याशिवाय इथे कोणालाही गादी विकली जात नसे. काका म्हणायचे, फळीवर ठेवलेली गादी सगळ्यांनाच मऊ लागते.

ती बूट काढून झोपली. लाजायचं काय त्यात?

पहिली गादी हवेची नव्हतीच, नुसत्या फोमची घडी. सगळ्यांत स्वस्त. कुशीवर वळल्याबरोबर तिच्या कमरेच्या हाडानं एकेक दगड ओळखून काढला. दुसरी आपली आपण फुगणारी, घरच्या गादीसारखी ऐसपैस, पण गुंडाळल्यावर तिनं ती उचलून बघितली आणि विचारलं, "हिच्याबरोबर हमाल देता का?" तिसरी पिसासारखी हलकी होती. तिच्यावर तिला स्वर्ग दिसला. मग किमतीची चिठ्ठी दिसली, आणि ती स्वर्गातून हळूच खाली उतरली.

"ही बघा," तो म्हणाला आणि वरच्या फळीवरून एक गुंडाळी काढली. रंग शेवाळी, वर धुळीचा थर. "गेल्या वर्षीचा रंग, म्हणून कोणी घेत नाही. म्हणून स्वस्त. चार बोटं जाड आहे, कूस टेकणार नाही. त्या महागडीपेक्षा थोडी जड, पण पाठीला कळण्याइतकी नाही."

"कुरकुर करते हो ही."

"सुरुवातीला करते. दोनतीन रात्रींत मवाळ होते."

"आणि थंडी? जमिनीची थंडी वर येते म्हणे."

"येते. हा आकडा त्याचाच." त्यानं गादीच्या कडेला छापलेला आकडा दाखवला. "जितका मोठा, तितकी थंडी अडते. महागडीचा दुप्पट आहे, पण तो बर्फासाठी. तुम्ही बर्फावर झोपणार नाही, मग बर्फाचे पैसे का भरायचे?"

हे वाक्य तिला फार आवडलं. दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाचे पैसे वाचवणारा माणूस तिनं आजवर पाहिला नव्हता.

"तोंडानं फुगवू नका, आत ओल जाते. ही पिशवी लावून हवा भरायची. आणि एकदम टणक ठेवायची नाही. वळा कुशीवर." ती वळली. तो तिच्या डोक्याशी, गादीच्या झडपेपाशी गुडघे टेकून बसला. "आता मी थोडी थोडी हवा सोडतो. कंबर टेकतेय असं वाटायच्या आत थांबवा मला."

फुस्स… हवा निघू लागली. गादी हळूहळू तिला आत घेऊ लागली. त्याचा हात झडपेवर होता, आणि त्या हातावर जुन्या डिंकाचे सुकलेले डाग होते.

"अजून?"

"अजून…"

"अजून?"

"थोडीशी… बस्स."

तो थांबला. गादी अगदी जशी हवी तशी झाली होती. दोघंही मात्र तसेच होते – ती कुशीवर, तो गुडघ्यांवर – आणि त्याचा हात अजून झडपेवरच.

काउंटरवरचा फोन वाजला म्हणून बरं.

"तुझाच आहे रे!" काका ओरडले, आणि तो गेल्यावर तिला म्हणाले, "डोंगरावरच्या मुक्कामघराचे मुख्य. याला मोसमभर राखणीला बोलावतायत. मिसरूड फुटायच्या आधीपासून ध्यास घेतलाय यानं त्याचा. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. होच म्हणणार, दुसरं काय!"

ती गादीवर ताडकन उठून बसली. आता अर्ध्या तासापूर्वी ओळख झालेल्या माणसानं डोंगरावर जावं की समुद्रात, हिला काय त्याचं? पण बसली खरी. तिनं शेवाळी गादी घेतली, पैसे दिले आणि निघाली. दारापर्यंत तो सोडायला आला.

"काही तक्रार असली तर या हं, सिस्टर," तो म्हणाला.

"सिस्टर नका म्हणू. निदान तुम्ही तरी."

त्या रात्री तिनं पलंगाशेजारी गादी अंथरली. आई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "चांगला पलंग असताना जमिनीवर लोळायची अवदसा कुठून आठवली?"

"सवय करतेय."

"कशाची?" आईनं विचारलं, तेव्हा तिनं चादर डोक्यावर ओढून घेतली.

मनाशी मात्र तिनं कबूल करून टाकलं. तो तिला आवडला होता. भलताच आवडला होता. दिवसभर रडक्या पोरांचे दंड धरताना तिला डिंकाचे डाग पडलेला हात आठवत होता. तक्रार घेऊन जायचं, बोलायचं, एवढाच बेत होता. पण तक्रार कसली करणार? गादी हवा सोडेना. टोचेना. गार पडेना. तिसऱ्या रात्रीपासून तर कुरकुरणंही बंद झालं! त्यानं इतकी नेमकी गादी निवडून दिली होती की त्याला पुन्हा भेटायला जायची सोयच उरली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी तिनं दवाखान्यातून एक सुई आणली. गादी चपटी पसरली, जागा निवडली आणि टोचली. टोचायची तिला रोजचीच सवय.

शनिवारी सकाळी ती दुकानात हजर.

"पंक्चर," ती म्हणाली.

"इतक्यात?" त्याचा चेहरा फुलला, मग कारागिराला शोभेल इतपत काळजीत पडला. "कशानं?"

"काटा लागला. गच्चीवर झोपले होते."

"गच्चीवर काटे?"

"निवडुंगाची कुंडी आहे आमच्याकडे," तिनं बेधडक ठोकून दिलं.

त्यानं गादी फुगवली आणि पाण्यानं भरलेल्या टबात दाबली. बुडबुड्यांची एक माळ वर आली. त्यानं गादी उलटली. दुसऱ्या बाजूनंही तशीच माळ आली, बरोबर त्याच जागेवरून. गादी पुसून, उजेडात धरून तो बघत राहिला, आणि त्याचा एक गाल हळूहळू हसू लागला.

"हा काटा वरून शिरून खालून बाहेर पडलाय," तो म्हणाला. "फुगलेल्या गादीत असं होत नाही. म्हणजे गादी तेव्हा चपटी होती. चपट्या गादीवर झोपल्या होतात?"

"मला झोपेत काय कळणार?"

"आणि हे काय आहे?" त्यानं बोट ठेवलं. वर्षभर फळीवर धूळ खाऊन मळलेल्या त्या कापडावर, भोकाभोवती, नाण्याएवढं लख्ख स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं. पाण्यानंही न निघालेला मळ तेवढ्याच जागेवरून गेला होता. "स्पिरिट! टोचायच्या आधी जागा पुसून घेणारा निवडुंग मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय."

आता मात्र लाल व्हायची पाळी तिची होती. रोज शंभर वेळा कापसानं दंड पुसणारा तिचा हात! गादीलासुद्धा पुसून मोकळा झाला होता, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. लपवाछपवी संपली होती, तेव्हा मान ताठ ठेवलेली बरी. "मीच टोचली. गादीत काही खोट निघेना, मग येणार कशी? तुम्हाला भेटायचं होतं. झालं समाधान?"

त्यानं खिशातून एक चपटं पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. आत गोल ठिगळं आणि डिंकाची नळी.

"हे प्रत्येक गादीच्या पिशवीत येतं," तो म्हणाला. "पंक्चर झालं तर घरच्या घरी लावायला. तुमच्या पिशवीतून मी काढून ठेवलं होतं. नाहीतर… तुम्ही कशाला आल्या असता?"

ती बघतच राहिली. मग दोघंही असे हसत सुटले की पुढे काउंटरवरून काकांना खाकरावं लागलं. "हसून झालं असेल तर फोन घे! मुख्य थांबलेत. हो की नाही, आज शेवटचा दिवस!"

त्याचं हसू मावळलं. "सांगतो नाही म्हणून," तो हळूच म्हणाला.

"का?" ती म्हणाली.

"का काय? गेल्या आठवड्यापर्यंत नक्की जाणार होतो. आता… तू इथे आणि मी तिथे?" तो 'तू' म्हणाला हे दोघांनाही एकाच वेळी कळलं.

सगळा आठवडा तिला हेच तर हवं होतं. नुसतं गप्प राहिली असती तरी तो थांबला असता. पण तिच्यानं गप्प राहवेना. खडे पसरलेल्या चौकटीशेजारी उभं राहून ती त्याला म्हणाली, "हे बघ, तू मला आवडतोस. पहिल्या दिवसापासून आवडतोस. पण माझ्यामुळे तू नाही म्हणालास, तर पुढे प्रत्येक भांडणात तो डोंगर मला ऐकवशील. मला नको ते. तू जा."

"प्रत्येक भांडणात?" त्यानं विचारलं. "म्हणजे पुष्कळ भांडायचा विचार आहे?"

"जन्मभर."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग डिंकाचे डाग पडलेल्या त्या हातानं त्यानं तिचा हात धरला, आणि तसाच धरून काउंटरपाशी आला. काकांनी फोन देता देता भुवया उंचावल्या, आणि शहाण्या माणसासारखे दोर मोजायला निघून गेले.

"येतो मी," तो फोनवर म्हणाला. "हो, मोसमभर. एकच अट आहे. महिन्यातून एकदा माझ्याकडे मुक्कामाला कोणीतरी येईल, तेवढी जागा ठेवा… कोण म्हणजे? एक… म्हणजे तसं… हो, घरातलंच… नाही, अजून घरातलं नाही, पण…"

पलीकडून मुख्यांचा वैतागलेला आवाज तिला स्पष्ट ऐकू येत होता. राखणदाराच्या खोलीत बाहेरची माणसं ठेवून घेता येत नाहीत, घरचं असेल तरच नाव लिहिता येईल, नातं काय ते एकदा सांगा.

तिनं फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"नमस्कार," ती म्हणाली. "बायको लिहा. मोसम संपला की लगेच होणार आहे."

आणि फोन ठेवून ती त्याच्याकडे वळली. तो तोंड उघडं टाकून उभा होता, आणि त्याचे दोन्ही गाल एकदम हसत होते.