चिकित्सकाचं डिझेल

मेकॅनिकने फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल केला. डिझेल यायला हवं होतं. आधी पाणी आलं.

त्याने ते बाटलीत धरलं आणि बूच लावून हलवलं. पाण्यावर फेस आला. तो बराच वेळ जिरला नाही.

"चढावर इंजिन बंद पडलं," तो म्हणाला. "इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. भरलेली गाडी मागे घसरली. बिचाऱ्याच्या हातात काही राहिलंच नाही."

फौजदार बाई उलटलेल्या पिकअपकडे पाहत होत्या. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. नोकरीत मन निबर झालं होतं आणि हल्ली त्याचंही त्यांना काही वाटत नसे.

मेलेल्या ड्रायव्हरला गाडीतळावर सगळे चिकित्सक म्हणत. लोक मुलीसाठी स्थळ बघताना करत नाहीत एवढा विचार तो डिझेल कुठं घ्यायचं यावर करायचा. कधी जवळचा पंप, कधी लांबचा. "अरे, पळसाला पानं तीनच," म्हणून बाकीचे चिडवत. तो हसायचा आणि आपलं तेच करायचा. अशा माणसाच्या टाकीत पाणी निघालं होतं.

गाडीत त्याची भागीदारी होती ती बायकोच्या भावाशी. या मेहुण्याने जबाब दिला, "सकाळी जवळच्या पंपावर डिझेल घेतलं. मी सोबत होतो."

तेवढ्यावर जवळच्या पंपाचे मालक कोठडीत गेले. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत बोटभर पाणी सापडलं, मग तर विचारायलाच नको. मालक म्हातारे होते, दमेकरी होते. त्यांना दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं करायचं होतं. निष्काळजीपणाने माणूस मारल्याचा आरोप लागला, तर ते तुरुंगातून परत येतील असं कोणालाच वाटत नव्हतं.

बाई पंपावर गेल्या. गाड्यांत डिझेल भरणारी मुलगी एकटीच बाकावर बसली होती.

"त्या सकाळी पिकअप आली होती?"

"गर्दी होती, मॅडम. टँकर उभा होता ना. सकाळीच आला, खाली व्हायला दुपार झाली. एका बाजूने विक्री चालू होती. कोण आलं, कोण गेलं, काय सांगू?"

"डिझेलबद्दल आणखी कोणाची तक्रार?"

"एकाचीही नाही. आमच्या मालक काकांना दोन घास तरी जातात का हो तिथं कोठडीत?"

 बाईंना ते माहीत नव्हतं.

चिकित्सकाचं घर दोन खोल्यांचं होतं. भांडी आरशासारखी. मागच्या दारी न्हाणीच्या भिंतीला डिझेलचा प्लास्टिकचा डबा टांगलेला. असे डबे काळे, ओशट असतात. हा दुधाचा वाटावा इतका स्वच्छ होता.

बायको जमिनीवर बसली होती. रडत नव्हती. विचारलं की उत्तर देत होती, एवढंच.

"पंप कसा ठरवायचे ते?"

"टँकर बघून."

"म्हणजे?"

"टँकर खाली होत असला की पंपाच्या टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो म्हणायचे. पंपावर टँकर दिसला की थेंबभर घ्यायचे नाहीत. गाडी सरळ लांबच्या पंपाकडे."

"आणि घाई असली तर?"

तिने न्हाणीच्या भिंतीकडे पाहिलं. "तर डबा पाठवायचे."

"त्या सकाळी पाठवला होता?"

"मला काही आठवत नाही," ती म्हणाली. घरातला चमचासुद्धा कुठं आहे हे जिला ठाऊक, तिला हे आठवत नव्हतं. बाईंनी जास्त ताणलं नाही.

संध्याकाळी त्यांनी बहीणभावाला चौकीत बोलावलं. मेकॅनिकची बाटली टेबलावर ठेवली.

"जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरतं," त्या मेहुण्याला म्हणाल्या. "पण ती टाकी कोणी साबण लावून धूत नाही. हा फेस साबणाचा आहे."

मेहुण्याने नजर बाटलीवरून काढली.

"त्या सकाळी जवळच्या पंपावर टँकर होता. तुमचे दाजी तिथं पाय ठेवणार नाहीत, हे तुमच्या बहिणीनेच सांगितलंय. हमाल सांगतात, तेव्हा गाडीत माल चढत होता, म्हणून लांबच्या पंपावर डबा गेला. डबा तुम्ही नेलात. दाजी दोर आवळत होते, तेव्हा टाकीत तुम्हीच ओतलंत. ते डिझेल चांगलं होतं. पाणी डब्यातलं होतं."

मेहुण्याने एकदा बहिणीकडे पाहिलं. मग खाली मान घालून म्हणाला, "तिच्यासाठी खोटं बोललो, मॅडम. डबा तिने धुतला होता. तिला कळलं असतं तर ती जगली नसती."

बोलणं पटण्यासारखं होतं. बाईंनी पेनसुद्धा खाली ठेवलं.

"मी डबा साबणाचं पाणी घालून भिजत ठेवला होता," बहीण म्हणाली. आवाज सपाट होता. "तू आलास तेव्हा मी सांगितलं. पाणी ओतून टाक, आतून फडक्याने पूस. फडकं हातात दिलं होतं मी. का नव्हतं दिलं?"

तो खुर्चीतून उठू लागला.

"फडकं दिलं होतं का नाही, तेवढं सांग."

"दिलं होतं," तो म्हणाला. "घाई होती. पाणी थोडंच ओतून दिलं. राहिलं असेल तळाशी. एवढ्याशा पाण्याने काय होतंय, असं वाटलं."

"मग बहिणीसाठी नाही," फौजदार बाई म्हणाल्या. "स्वतःसाठी बोललात. बहिणीचं नाव आत्ता आठवलं."

त्याने मान डोलावली.

बहीण भावाकडे वळली. "तू डब्याबद्दल एका शब्दानेही बोलला नाहीस," ती म्हणाली. "मला वाटलं, मी सांगितलंच नव्हतं. माझ्याच हातून झालं. म्हणून मीही तोंड शिवून बसले. तिकडे तो म्हातारा माणूस आत बसलाय, आणि मी घरात भांडी घासत होते."

 नवरा गेल्यापासून पहिल्यांदा तिला रडू आलं. ते बघताना बाईंना वाईट वाटलं. त्यांना स्वतःचंच नवल वाटलं, आणि बरंही वाटलं.

मेहुण्याला शिपायाने आत नेलं. बहिणीने पदराने तोंड पुसलं.

"काकांना आज सोडाल ना?"

"आत्ता सोडते. तुम्ही घरी जा. जबाब उद्या घेऊ."

"नाही," ती उठून कोठडीच्या दिशेने वळली. "ते बाहेर येतील तेव्हा मला दारात उभं राहायचंय. त्यांना तोंड दाखवायला हवं."