किटली एक, आजारी एकटीच

"माझ्या सर्कशीत कुणीतरी विष घालतंय," खुर्चीत टेकायच्या आधीच मालकांनी सांगून टाकलं.

वहिनींनी हातातलं विणकाम बाजूला ठेवलं. त्या खासगी गुप्तहेर. शेजारी बसलेले भाऊजी त्यांचे धाकटे दीर. ते 'वहिनी' म्हणत, म्हणून सगळेच म्हणू लागले. भाऊजींनी तीस वर्षं लोकांना मोटार शिकवली होती, त्यामुळे विचार करतानाही त्यांचा पाय ब्रेकवरच असायचा.

"कुणाला?" वहिनींनी विचारलं.

"झुल्यावर उडी घेणाऱ्या आमच्या बाईला. डोळे पिवळे जर्द झालेत. हॉस्पिटलात चार दिवस झाले, तरी यकृत बिघडतच चाललंय. डॉक्टर म्हणतात, पोटात काहीतरी अजून जातंय. ते कळलं नाही तर बाई हाती लागणार नाही. आणि तिला थर्मासमधून चहा पाजतो कोण? तिला हवेत झेलणारा तिचा नवरा! मी आजच पोलिसांत जाणार आहे."

"मला एक दुपार द्या," वहिनी म्हणाल्या.

तंबूमागे विदूषक रंग न लावता बसला होता. समोर भली मोठी किटली होती.

"हिरवा चहा आहे. गरम पाण्यात पानं टाकतो, तीन मिनिटांनी गाळतो. सगळी सर्कस यातलाच पिते," तो म्हणाला. "मला विष घालायचं असतं तर आधी मालकांच्या कपात घातलं असतं."

वहिनींनी एक कप मागून घेतला आणि पिऊन टाकला. भाऊजींनी डोळेच मिटून घेतले.

"बाई या चहाबद्दल कधी काही बोलल्या?"

"विचारत होती, दहा कपांचा गुण एका घोटात मिळाला तर? मी म्हटलं, मग माझं काम काय राहिलं?"

झुल्याखाली वजनकाटा होता. शेजारच्या खांबावर खडूने आकडे लिहिले होते: बावन्न, एक्कावन्न, पन्नास, एकोणपन्नास.

"ताईचं वजन," मागून आवाज आला. आजारी बाईची धाकटी बहीण सरावाच्या कपड्यांत उभी होती. "दोन महिन्यांतलं."

"त्यांच्या जागी आता उडी कोण घेणार?"

"मी." हे ती जरा जास्तच पटकन बोलली आणि लाल झाली.

"ताईंचं जेवण कमी झालं होतं?"

"अजिबात नाही. दुपारी पोटभर जेवायची. सरावाआधी मात्र आम्ही कुणीच काही खात नाही. भरल्या पोटी हवेत उलटं होता येत नाही हो." तिने आवाज उतरवला. "दाजींचं लक्षण मला ठीक दिसत नाही. हल्ली कुणाशी बोलत नाहीत. ताईला चार उड्यांवर थांबवतात."

"नवराच!" बाहेर पडताना भाऊजी कुजबुजले. वहिनींनी हॉस्पिटलचा रस्ता धरला.

हॉस्पिटलच्या खोलीत तो धिप्पाड माणूस बायकोच्या उशाशी बसला होता. डॉक्टरांनी पुढे केलेल्या कागदावर त्याने उजव्या हाताने सही केली. वरच्या फळीवरचा थर्मास मात्र उठून, वळून, डाव्या हाताने काढला.

"चहात काय आहे?" वहिनींनी सरळ विचारलं.

"चहा," तो म्हणाला आणि भरलेला कप स्वतःच रिकामा केला.

"काही औषध चालू आहे का, हे मी यांना तीनदा विचारलं," डॉक्टर म्हणाल्या. "नाही म्हणतात."

टोपी ठेवायला भाऊजींनी स्टुलावरची डबी सरकवली. झुला निसटू नये म्हणून हाताला लावायच्या पावडरची होती ती. डबी खुळखुळली. बाईंनी ती झटकन उशीखाली ओढली.

"सवय हो. हाताला घाम येतो," त्या म्हणाल्या.

वहिनींनी मालकांना, विदूषकाला आणि बहिणीला तिथेच बोलावून घेतलं.

"चहा सगळे पितात आणि आजारी एकटीच पडते, म्हणजे दोष किटलीत नाही," त्या म्हणाल्या. "थर्मासमधला नवराही पितो. तेव्हा ही बाई दुसरं काय घेते, एवढाच प्रश्न उरतो. पोटभर जेवून हिचं वजन उतरतं. दहा कपांचा गुण हिला एका घोटात हवाय. झुला नसलेल्या खोलीत ही पावडर जवळ बाळगते. आणि पावडर, भाऊजी, खुळखुळत नाही."

त्यांनी हात पुढे केला. बाईंनी डबी दिली. आत हिरव्या कॅप्सूल होत्या.

"हे औषध नाही हो," बाई घाबरून म्हणाल्या. "चहाच आहे तो. बारीक होण्यासाठी. म्हणून डॉक्टरांना सांगितलं नाही. रोज सकाळी सहा घेते."

"उपाशीपोटी?" डॉक्टरांनी विचारलं.

"सरावाआधी खात नाही ना."

डॉक्टरांनी डबी घट्ट मिटली. "पानं गरम पाण्यातून गाळून पिणं वेगळं आणि त्यांचा अर्क असा कॅप्सूलमध्ये दाबून भरलेला घेणं वेगळं. इतका अर्क, तोही रिकाम्या पोटी, यकृताला झेपत नाही. कॅप्सूल आत्ताच बंद, आणि तूर्त तो चहाही बंद. बहुतेकांचं यकृत मग सावरतं. तुमचंही सावरेल असं वाटतं, पण रोज रक्त तपासावं लागेल."

"पण हिला बारीक कशाला व्हायचं होतं?" मालक वैतागले. "होती तशी छान होती की!"

"ते यांच्या उजव्या खांद्याला विचारा," वहिनी म्हणाल्या. "हा हात सही करतो, पण फळीपर्यंत वर जात नाही."

नवऱ्याची मान खाली गेली.

"मला दोन महिन्यांपासून माहीत आहे," बाई त्याला म्हणाल्या. "झेलताना तुझा श्वास अडकायचा. वाटलं, मी तीनचार किलो हलकी झाले तर तुला पेलेन."

"मलाही कळलं होतं तू हलकी झालीस ते. रोज हातात यायचीस ना." तो म्हणाला. "वाटलं, काहीतरी दुखणं आहे आणि माझ्यापासून लपवतेस. म्हणून चार उड्यांवर थांबवत होतो. खांद्याचं बोललो असतो तर मालकांनी तुला दुसऱ्याच्या हाती दिलं असतं. तेवढं मला सोसवलं नसतं."

भाऊजींना भडभडून आलं. त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

नवरा उठून मालकांसमोर उभा राहिला.

"मालक, ही बरी होईल तेव्हा हिला झेलायला दुसरा माणूस बघून ठेवा," तो म्हणाला. "चांगला बघा. त्याला मी शिकवेन."