शेंदराखालचा बाण

"ओ मॅडम, तिकडून नका जाऊ! मिरचीचं झाड मोडन!"

मी दचकले. हातातला नकाशा घट्ट धरला... भिवापूरजवळच्या त्या शेतात तो उभा होता. पाठीवर फवारणीचा पंप, कपाळावर बुक्का, ओठांवर हसू. दुर्गेश.

"काय शोधून राहिल्या?"

"नहर."

"इथं? इथं तर विहिरीलेच पाणी नाही!"

"इंग्रजांनी आखली होती, खोदलीच नाही. मी वैभवी, नागपूरहून आले. अशा कागदावरच राहिलेल्या कालव्यांवर पीएचडी करतेय. इथं बाण कोरलेला मोजणीचा दगड हवा. तो सापडला, तरच हा मार्ग खरा ठरेल."

"दगड नाही जी. आमचा मारोती हाये फक्त."

मारोती पाहिला आणि मी घाईनं नकाशा उलगडला. शेंदराच्या थरांखाली चौकोनी, वर निमुळता... हा तर मोजणीचाच दगड! दुर्गेश याच मारोतीपुढे कीर्तन करायचा. बाबांच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकलेली मी, त्याच्या देवाला दगड कसं म्हणू?

मी रविवारी येत राहिले. तो चहा पाजायचा, अभंग गुणगुणायचा, माझ्याकडे बघता बघता चाल विसरायचा... शेवटी एकदाचं सांगून टाकलं, मारोती म्हणजेच तो मोजणीचा दगड.

त्यानं मारोतीकडे पाहिलं.

"हे सांगाले इतके रविवार?" तो हळूच म्हणाला. "मले वाटलं, दुसरंच काही सांगता..."

"रागावला नाहीत?"

"हनुमान जयंतीले आम्ही जुन्या शेंदराची खोळ उतरवतो. तवा पाहू. बाण असन तर असन."

त्या सकाळी गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या रंभाबाईंनी खोळ अलगद सोडवली. खाली... बाण!

"रामाचा बाण वं माय!" त्यांनी हात जोडले. सारा गाव गजर करू लागला. माझे डोळे भरले, पण खरं सांगायला तोंड उघडेना.

ते कीर्तनात दुर्गेशनंच सांगितलं. "माउली, बाण इंग्रजाचा हाये. नहर आणतो म्हणे, नाही आणली." "पण आपल्या आज्या-पणज्यानं हात जोडले, आन इथं देव आला. नहर खोदली असती, तर हा शेंदूर लागला नसता, आन..." चिपळ्या थांबल्या. नजर माझ्यावर. "...आन नकाशा घेऊन कोणी आलंही नसतं. मारोतीचे लय उपकार हायेत माह्यावर."

टाळकरी खुसखुसले.

"मंग सरळ इचार ना गा तिले!" रंभाबाई कडाडल्या. "देवाले काहून मधात घालून राहिला?"

"आजी," मी कसंबसं म्हटलं, "त्यांना सांगा... कीर्तन अर्धवट सोडू नये. माझं 'हो' आहे."

मृदंगावर थाप पडली. मी मारोतीपुढे डोकं टेकवलं... मागायला काहीच उरलं नव्हतं.