शेपू निर्दोष आहे

बाळ फक्त दूध पितं. दूध पांढरं. मग बाळाची उलटी हिरवीगार कशी?

बारशाला जमलेल्या सगळ्यांकडे या कोड्याचं उत्तर तयार होतं.

"वहिनी, शेपूची भाजी खाल्लीस ना?" आत्याबाईंनी निकाल दिला. चंद्रावर वस्ती होऊन वीस वर्षं झाली, तरी बाळंतिणीच्या ताटावर नणंदेचीच हुकमत होती.

"शेपूचा संबंध नाही," पाळणा हलवणारा यंत्रमानव झुंबर म्हणाला. "हे पित्त (अन्न पचवणारा हिरवट रस). ते जठराच्या पुढे आतड्यात पडतं आणि खाली जातं. वर आलं, म्हणजे पुढची वाट बंद आहे. मी रुग्णवाहिका बोलावली आहे."

"आधी नाव ठेवू. मान माझा आहे!"

"पण वाट बंद कशानं होते?" बाळाच्या ताईनं, केतकीनं विचारलं.

"पाळण्याचे दोर दोन लांबलांबच्या कड्यांना आहेत. दोन्ही एकाच कडीत अडकव," झुंबर म्हणाला.

बाळ आईच्या मांडीवर होतं. केतकीनं स्टुलावर चढून तसं केलं. रिकामा पाळणा गर्रकन फिरला. दोरांना पीळ बसला.

"आतडंही टांगलेलंच असतं," झुंबर म्हणाला. "आंत्रबंधानं (आतड्याला पाठीमागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पडदा). आईच्या पोटात ते वळसा घेतं आणि लांबलांब दोन जागी पक्कं बसतं. काहींचा वळसा अर्धवट राहतो. मग दोन्ही टोकं जवळजवळ, एका कडीवर असल्यासारखी. पीळ बसला की वाट मिटते. रक्तवाहिन्याही त्याच पडद्यात. रक्त थांबलं, तर काही तासांत आतडं मरतं."

आत्याबाई त्या पिळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बाळाला उचललं.

"उभे काय राहिलात सगळे? चला!"

रुग्णवाहिकेत पहिल्या त्याच चढल्या.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सबनीस बाहेर आल्या. "पीळ उलटा फिरवून सोडवला. निळसर पडलेलं आतडं पुन्हा गुलाबी झालं. आंत्रबंधाची बैठकही रुंद केली आहे. वेळेवर आणलंत."

बारसं रुग्णालयातच झालं. आत्याबाईंनी काचेच्या पेटीपाशी वाकून 'निहार' असं हळूच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच हळू.

"झुंबर, जन्माआधीच हे ओळखता येईल?" केतकीनं विचारलं.

"अजून खात्रीनं नाही. कुणीतरी शोधायला हवं."

"मी शोधीन," केतकी म्हणाली, उद्या दप्तर भरीन म्हणावं तसं.

आत्याबाईंनी घसा खाकरला. "वहिनी, डबा आणते. काय करू?"

"शेपू," आई म्हणाली.